ऑल-स्टार ब्रॉल खेळताना सारखा लॅग येतोय? नेटवाल्याला फोन करण्याआधी हे तपासा

गेली तीन वर्षं मी एकच तक्रार दुरुस्त करते आहे. माझा भाचा नाशिकला आणि चुलतभावाची मुलगी सिंगापूरला. दोघं शनिवारी रात्री ‘निकेलोडियन ऑल-स्टार ब्रॉल’ हा कार्टून पात्रांचा लढाईचा खेळ ऑनलाइन खेळतात, आणि दर दोन-तीन महिन्यांनी मला फोन येतो: “मावशी, परत लॅग होतंय.” पुढे भाच्याच्या मित्रांकडून आणि आमच्या सोसायटीतल्या आणखी दोन घरांतून हीच हाक आली. सगळ्यांचा पहिला संशय नेटवर. निम्म्याहून जास्त वेळा दोष टीव्हीत, कंट्रोलरमध्ये नाहीतर लॅपटॉपमध्ये निघाला. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

लक्षणं

‘लॅग’ हा एकच शब्द पाच वेगवेगळ्या दुखण्यांसाठी वापरला जातो. फोनवर मी आधी एवढंच विचारते, डोळ्यांना नेमकं काय दिसतंय?

- बटण दाबल्यावर तुमचं पात्र उशिरा हलतं, पण समोरचं पात्र आणि बाकी सगळं छान सलग चालतं.
- तुमचं पात्र वेळेवर हलतं, पण समोरचं पात्र एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतं. बसलेला फटका क्षणात ‘न बसलेला’ होतो.
- सगळा खेळच पाण्यात चालल्यासारखा संथ होतो, मग अचानक सुटतो.
- प्रतिस्पर्धी सापडतो, पण सामना सुरूच होत नाही किंवा पहिल्याच मिनिटात तुटतो.
- फक्त ठरावीक वेळी त्रास होतो, बाकी दिवसभर काही नाही.

पहिलं लक्षण बहुधा टीव्ही किंवा कंट्रोलरचं. दुसरं नेटवर्कचं. तिसरं फसवं आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. चौथं राउटरच्या रचनेचं. पाचव्यासाठी घड्याळ बघावं लागतं.

आधी खेळ आतून कसा चालतो ते

ऑल-स्टार ब्रॉल ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आला. स्वीडनच्या लुडोसिटीने आणि कोस्टा रिकाच्या फेअर प्ले लॅब्जने तो बनवला, गेममिलने प्रकाशित केला. सुरुवातीला २० पात्रं होती: स्पाँजबॉब, पॅट्रिक, रेप्टार, हेल्गा, आंग, टॉफ, निंजा टर्टल्समधले लिओनार्डो आणि मायकेलँजेलो, आणि ज्याच्यावर सगळे खेळाडू फिदा झाले तो नायजेल थॉर्नबेरी. समीक्षकांनी लढाईची घडण आणि ऑनलाइनसाठी वापरलेली रोलबॅक पद्धत वाखाणली, पण सादरीकरण कोरडं म्हणून गुण कापले. मला दोन्ही मतं पटतात. लहानपणापासून ऐकलेली पात्रं तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, हे सुरुवातीला फार खटकायचं. पण हातात घेतल्यावर हा खेळ वेगवान आणि नेमका आहे, आणि म्हणूनच थोडासा उशीरही इथे लगेच जाणवतो.

खेळ सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं दाखवतो. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. मंचाच्या कडेबाहेर फेकलं गेल्यावर परत येण्याची उडी तीन-चार फ्रेम उशिरा लागली, तर सामना तिथेच संपू शकतो.

रोलबॅकचं तत्त्व असं. तुमचं बटण खेळ लगेच अमलात आणतो. समोरच्याचं बटण नेटवरून यायला वेळ लागतो, म्हणून तोवर खेळ अंदाज बांधतो की तो आधीचंच करत असेल. खरी माहिती आली आणि अंदाज चुकला असेल, तर खेळ काही फ्रेम मागे जातो, झालेलं दुरुस्त करतो आणि तेवढ्याच फ्रेम डोळ्यांची पापणी लवण्याआधी पुन्हा खेळून आजच्या क्षणाला येतो. २००६ च्या सुमारास टोनी कॅनन यांनी जीजीपीओ नावाच्या प्रणालीतून ही पद्धत लढाईच्या खेळांत रुजवली. यातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवा: रोलबॅक असलेल्या खेळात नेट खराब असेल तर समोरचा उड्या मारतो, तुमची बटणं सहसा उशिरा लागत नाहीत. स्वतःचं पात्र उशिरा हलत असेल तर राउटरकडे बघायच्या आधी टीव्हीकडे बघा.

१. अपडेट आणि खरं रीस्टार्ट

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. कन्सोल महिनोन्‌महिने फक्त झोपवला जातो, बंद कधीच होत नाही. मेन्यूतून पूर्ण बंद करा, राउटरही एकदा बंद-चालू करा, मग खेळाचं अपडेट तपासा. दोन्ही खेळाडूंकडे एकच आवृत्ती नसेल तर ऑनलाइन सामना जुळत नाही, आणि बाहेरून तो नेटचाच दोष वाटतो.

याच पायरीवर ‘आवाज येत नाही’ ही तक्रारही सुटते. एका घरी साउंडबार दोनदा रीसेट करून झाला होता. डिस्क मूळ आवृत्तीची होती आणि अपडेट कधी घेतलंच नव्हतं. पात्रांचे आवाज आणि मंचावर पडणाऱ्या वस्तू जून २०२२ च्या मोफत अपडेटमध्ये आल्या. त्याआधी पात्रं मुकीच होती, साउंडबारचा काही संबंध नव्हता.

२. नेट काढून खेळून बघा

सरावाच्या मोडमध्ये जा आणि पाच मिनिटं नुसत्या उड्या मारा. इथे इंटरनेटचा काही भाग नाही. इथेही पात्र उशिरा हलत असेल तर नेटची अख्खी शाखा बाद झाली, थेट तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर जा. इथे सगळं चोख असेल तर पाचवीपासून पुढे बघा. या एका तपासणीने माझे कित्येक शनिवार वाचले आहेत, तरी लोक ती टाळतात. कारण ‘सरावात तर ठीकच चालतं’ असं त्यांना वाटत असतं, प्रत्यक्ष कोणी बघितलेलं नसतं.

३. टीव्हीचा गेम मोड

आजकालचा टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. रंग उजळतो, कडा धारदार करतो, दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः तयार करतो. सिनेमाला ते चालतं, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो. खेळात तुमचा अंगठा मागे ठेवता येत नाही. गेम मोड यातले बहुतेक सोपस्कार बंद करतो.

सोसायटीतल्या एका घरी मी हे मोजूनच दाखवलं. फोनचा कॅमेरा स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमवर लावला आणि कंट्रोलरवरचा अंगठा व टीव्हीचा पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा धरला. उडीचं बटण दाबायला सांगितलं. मग चित्रफीत एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं: अंगठा तळाला टेकल्यापासून स्पाँजबॉबचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत ४१ फ्रेम. यातली प्रत्येक फ्रेम सव्वाचार मिलिसेकंदांहून जराशी कमी, म्हणजे सगळे मिळून सुमारे १७१ मिलिसेकंद. टीव्ही ‘व्हिव्हिड’वर होता. गेम मोड चालू करून तेच पुन्हा मोजलं: २२ फ्रेम, सुमारे ९२ मिलिसेकंद. फरक ७९ मिलिसेकंदांचा, म्हणजे खेळाच्या हिशेबाने पावणेपाच फ्रेम. त्या घरातला मुलगा दोन महिने नेटचा प्लॅन वाढवून मागत होता.

दोन गोष्टी सांभाळा. बऱ्याच टीव्हींमध्ये गेम मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा असतो. सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टला तो लावून कन्सोलच्या पोर्टला काहीच फरक पडत नाही. आणि चित्र फिकट दिसतं म्हणून घरातलं कोणीतरी तो परत बंद करतं, तेव्हा दुखणं ‘परत आलं’ की आधी हेच बघा.

४. कंट्रोलर

बरेच वायरलेस कंट्रोलर ब्लूटूथवर चालतात आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतं. तिथेच जुनं वायफाय, तिथेच मायक्रोवेव्ह. केबल लावून खेळून बघा. पण केबल लावली म्हणजे कंट्रोलर वायरवर आला असं नाही: काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आणि स्विचच्या प्रो कंट्रोलरसाठी सेटिंगमध्ये जाऊन वायरवरून संपर्काचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो.

यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क कन्सोलला खेटून ठेवली असेल तर ती हातभर लांब सरकवा. या डिस्क आणि त्यांच्या केबल २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट करतात. बटण मधूनच लागतच नाही, अशी तक्रार मी एकदा नुसती डिस्क हलवून मिटवली आहे.

५. ऑफलाइन चोख, ऑनलाइन संथ, आणि नेटही चांगलं

हे ते फसवं लक्षण, आणि ते लॅपटॉपवर खेळणाऱ्यांना गाठतं. ऑफलाइन खेळताना प्रोसेसरला १६.७ मिलिसेकंदांत एक फ्रेम तयार करायची असते. ऑनलाइन रोलबॅक झाला की तेवढ्याच वेळात मागच्या पाच-सहा फ्रेमचा हिशेब पुन्हा करून वर नवी फ्रेमही द्यायची असते. जेमतेम ६० फ्रेम काढणारा लॅपटॉप इथे धापा टाकतो. मग दोन्ही बाजू एका वेळेवर राहाव्यात म्हणून समोरच्याचाही खेळ मंदावतो, आणि सिंगापूरहून ऐकू येतं, “तुझं नेट सुधार.”

चार्जर लावा, कारण बॅटरीवर लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. पॉवर सेटिंग सर्वांत वरच्या क्षमतेवर ठेवा. ग्राफिक्स एक पायरी खाली आणा. गादीवर ठेवून खेळू नका, खालून हवा कोंडते. पंख्याच्या जाळीत धुळीचा नमदा बसला असेल तर बंद लॅपटॉपच्या बाहेरून मऊ ब्रशने काढा. आत उघडण्याची सवय नसेल तर तिथेच थांबा.

६. राउटरपर्यंतचा रस्ता

आता नेटकडे. आधी घरातलं नेट आणि घराबाहेरचं नेट वेगळं करायचं. लॅपटॉप कन्सोलच्या जागी ठेवा, त्याच वायफायला जोडा आणि पिंगची कमांड (संदेश जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते ती मोजते) आधी राउटरच्या पत्त्यावर (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१) पाच मिनिटं चालवा, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यावर. राउटरचा पिंग वायरवर १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी असतो, वायफायवर २ ते ५ असला तरी चालतो. तो मधूनच ८० किंवा १५० वर उडी मारत असेल तर दोष तुमच्या भिंतींच्या आत आहे. नेटवाल्याला बोलावून उपयोग नाही.

सरासरीपेक्षा या उड्या जास्त घातक. सलग ६० मिलिसेकंदांचा पिंग रोलबॅक पचवतो, कारण अंदाज किती पुढचा बांधायचा ते ठरलेलं राहतं. २० वरून १८० वर जाणारा पिंग त्याला पचत नाही.

भाच्याकडे एकदा फक्त साडेनऊ ते दहाच्या मध्ये त्रास व्हायचा. मी त्याला वहीत वेळा लिहायला सांगितल्या. तिसऱ्या शनिवारी ताईने दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि त्याच क्षणी पिंग ३ वरून २०० च्या वर गेला. दीड मिनिटाने ‘टिंग’ झालं आणि पिंग परत ३. राउटर आणि हॉलच्या मध्ये स्वयंपाकघर होतं. वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर नेलं, त्रास गेला. ५ गिगाहर्ट्‌झ जाड भिंत ओलांडताना मात्र फार क्षीण होतं. राउटर अशा भिंतीपलीकडे असेल तर २.४ वरच राहून १, ६ किंवा ११ यांतला कमी गर्दीचा चॅनेल निवडा.

यावरचा पक्का उपाय लॅन केबल. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सला तिची जागा असतेच. स्विचच्या ओलेड मॉडेलच्या डॉकला ती आहे, पहिल्या मॉडेलच्या डॉकला नाही. तिथे यूएसबीचा लॅन अ‍ॅडॅप्टर लागतो. दाराच्या चौकटीवरून केबल नेणं दिसायला बरं नाही हे मान्य, पण वायफायच्या भानगडीतून कायमची सुटका होते.

७. अपलोड कोण खातंय?

राउटरचा पिंग चांगला आणि बाहेरचाच खराब, तर आधी घरच्यांचे फोन बघा. सहलीहून परत आल्यावर फोटोंचा बॅकअप सुरू होतो, कॅमेरा रात्रभर चित्रण वर पाठवत असतो. अपलोड भरलं की राउटरमध्ये रांग लागते आणि खेळाची इवलीशी पाकिटं त्या रांगेत शेवटी उभी राहतात. डाउनलोडचा वेग चाचणीत उत्तम दिसतो, म्हणून हा दोष लपून राहतो. बॅकअप थांबवून पिंग बघा. फरक पडला तर राउटरच्या सेटिंगमध्ये कन्सोलला प्राधान्य द्या किंवा बॅकअप मध्यरात्रीनंतर लावा. मोठा प्लॅन घेण्याआधी हे करा.

८. सामना जुळतच नाही

राउटर घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवतो, त्या पद्धतीला नॅट म्हणतात. कन्सोलच्या नेटवर्क चाचणीत नॅटचा प्रकार दिसतो. एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’, प्लेस्टेशनवर ३, स्विचवर डी किंवा एफ आला तर थेट जोडणीला अडथळा आहे. नेटवाल्याच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावला असेल तर नॅट दोनदा होतो. एकाला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट फक्त पुढे पाठवेल. राउटरवर यूपीएनपी (खेळाला लागणारी वाट आपोआप उघडून देणारी सोय) चालू आहे ना, बघा. मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमच्यासारख्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. घरातली कुठलीही सेटिंग ते बदलू शकत नाही. सेवा देणाऱ्याकडे सार्वजनिक पत्ता मागा. बरेच जण तो थोडे पैसे घेऊन देतात.

इथे कुठलीही दुरुस्ती चालत नाही

अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर; जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण केबल सरळ रेषेत नसतात. मुंबई ते न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आदर्श स्थितीतही १२५. सिंगापूरशी खेळ मस्त जमतो. न्यूयॉर्कशी समोरचा उड्या मारणारच, तिथे राउटर बदलून पैसे घालवू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे बंद झालेला सर्व्हर. ‘मल्टिव्हर्सस ऑनलाइन जोडत नाही’ असं मला अजून विचारलं जातं. वॉर्नरच्या पात्रांचा हा लढाईचा खेळ जुलै २०२२ मध्ये खुल्या चाचणीत आला, पहिल्या महिन्यातच दोन कोटींहून जास्त खेळाडू जमले आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्‌समध्ये तो सर्वोत्तम लढाईचा खेळ ठरला. २५ जून २०२३ ला चाचणी बंद, २८ मे २०२४ ला नव्या इंजिनावर पुन्हा सुरू. तेव्हा खेळ आधीपेक्षा मंद वाटतो अशी तक्रार सगळीकडून झाली. माझ्या ओळखीच्या एका मुलाने त्यापायी राउटर बदलला, पण खेळाची चालच संथ केलेली होती. ३० मे २०२५ ला ऑनलाइन सेवा कायमची थांबली. शेवटच्या हंगामात खेळ उतरवून लॉगिन केलं असेल, तर घरच्या घरी ऑफलाइन खेळता येतो. ऑनलाइनसाठी धडपडू नका. एवढ्या मेहनतीने बनवलेला खेळ असा मिटवला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर काहीही उघडू नका. तंतूच्या टोकात डोळा घालून बघू नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. राउटरच्या पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) उणे २७ डीबीएमच्याही खाली, म्हणजे उणे २८ किंवा २९ दिसत असेल, तर दोष केबलचा किंवा जोडाचा आहे. सोफ्याखाली फायबर घट्ट मुडपली असेल तर सोफा अलगद सरकवा, तेवढंच. जोड मारणं नेटवाल्याचं काम.

कन्सोलच्या किंवा टीव्हीच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर खेळ थांबवा, मुलांना लांब ठेवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. एचडीएमआयचा पोर्ट हलत असेल, कन्सोल मधूनच आपोआप बंद होत असेल, तर अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्या. टीव्हीची मागची बाजू घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

वायरने जोडूनही राउटरचा पिंग १ वर स्थिर आणि बाहेरचा तीन रात्री सलग उड्या मारत असेल, तर आता नेटवाल्याला फोन करायचा. तोंडी ‘लॅग होतो’ म्हणू नका. कागदावर तारीख, वेळ, राउटरचा पिंग आणि बाहेरचा पिंग असे चार रकाने भरून ठेवा आणि तंत्रज्ञ घरी आला की दोन्ही पिंग त्याच्यासमोर पुन्हा चालवा. तो सकाळी अकराला येतो म्हणाला, तर रात्री साडेनऊची वेळ मागून घ्या.